माझ्या आवाजातली बाई

९ जानेवारी

धाकट्या वन्सं,

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी बोलायला लागले की तुझा दादा दाराआड येऊन उभा राहतो. दिसत नाही, पण श्वास ऐकू येतो. फोन ठेवला की आत येऊन विचारतो, कुणाला सांगत होतीस. म्हणून दुपारी पेशंट नसताना दवाखान्यात बसून लिहितेय. उत्तरही इथल्याच पत्त्यावर पाठव. आमचे दातांचे डॉक्टर दुसऱ्यांची पत्रं फोडत नाहीत. त्यांना स्वतःची वाचायचाच कंटाळा आहे.

डेअरीत तुझ्या दादाच्या नाकावर किती भिस्त होती ते मी तुला सांगायला नको. दुधाचा कॅन आला की झाकण उचलायचं, झाकणाची आतली बाजू नाकाशी न्यायची आणि घ्या किंवा परत पाठवा, एवढंच म्हणायचं. नंतर प्रयोगशाळेत तपासणी व्हायची, पण ती नावाला. थंडी सुरू झाली तसं ह्यानं चांगलं दूध परत पाठवायला सुरुवात केली. आधी एखादा कॅन, मग अख्ख्या गाड्या. प्रयोगशाळा म्हणायची दूध चांगलं आहे, हा म्हणायचा नासलंय. शेवटी एका सकाळी ह्यानं दुधाच्या गाड्या रिकाम्या होतात त्या धक्क्यावरचे कॅन एकामागून एक गटारात ओतले. मॅनेजर सभ्य माणूस. त्यानं आरडाओरडा केला नाही. गाडीत घालून ह्याला घरी आणून सोडलं आणि मला म्हणाला, विश्रांतीची गरज आहे.

तर आता विश्रांती चालू आहे. घरातलं सगळं नासलंय. ब्रेड नासलाय, अंडी नासलीत, नळाचं पाणी नासलंय, म्हणून अंघोळ बंद. तोंडातली चव जात नाही म्हणून जीभ घासत बसतो. काल बघितली तर कडेनं सोलवटून निघालेली. दिवसभर लोकांची तोंडं बघते मी, अशी जीभ पाहिली नाही.

आणि मध्येच स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतो, "ऐकलं मी." मी तेव्हा काही बोललेलीच नसते. भांडी घासत असते.

खरं सांगू? परक्या माणसांच्या तोंडातली थुंकी, रक्त, पू मी नळीनं ओढून घेते आणि मग हात धुऊन शांतपणे डबा खाते. पण घरी ह्याच्या खोलीत पाऊल टाकलं की श्वास रोखून धरते. त्या अंथरुणाचा वास, नखांतला मळ, आणि जेवताना प्रत्येक घास नाकाशी नेऊन हुंगणं. कुत्रं परवडलं. चेहऱ्यावर मी काही दिसू देत नाही, त्याची काळजी नको. आमच्या कामात ते पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पडतं.

तू माणसांच्या मेंदूचे फोटो काढतेस. मला सांग, हे काय आहे. ताण आहे असं म्हणू नकोस. ते म्हणणारे गल्लीत पुष्कळ आहेत.

तुझी वहिनी

२१ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि त्या दिवशी कामात सारखी चुकत होते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. मी माणसांना यंत्रात झोपवते, हलू नका म्हणते आणि चित्रं काढते. पण तू जे लिहिलंस ते बाहेर बाकावर बसलेल्या घरच्या माणसांकडून मी अनेकदा ऐकलं आहे. याला स्किझोफ्रेनिया म्हणायचं का ते डॉक्टर ठरवतील. माझ्या मनात मात्र तेच आलं.

दादा स्वयंपाकघराकडे बघून "ऐकलं मी" म्हणतो, तेव्हा त्याला खरोखर ऐकू येत असणार. तो सोंग करत नाही. आपण सगळेच मनातल्या मनात बोलत असतो. मेंदूतला बोलण्याचा भाग शब्द तयार करतो आणि त्याच वेळी ऐकण्याच्या भागाला कळवतो की हे आपलंच आहे, लक्ष देऊ नकोस. या आजारात ते कळवणं नीट होत नसावं, असा इथल्या लोकांचा अंदाज आहे. मग स्वतःचाच विचार बाहेरून कानावर पडल्यासारखा वाटतो. आमच्या यंत्रातला माणूस आवाज आला की बटण दाबतो, आणि त्या वेळी त्याचा ऐकण्याचा भाग पडद्यावर पेटलेला दिसतो. खोलीत यंत्राच्या खडखडाटाशिवाय काही नसतं. पण त्याच्यापुरतं कुणीतरी बोललेलं असतं.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. आम्ही पेशंटना चेहऱ्यांचे फोटो दाखवतो. रागावलेला, घाबरलेला, किळस आलेला, आणि एक अगदी साधा, ज्यावर काहीच नाही. यांच्यातल्या बऱ्याच जणांची गफलत त्या साध्या चेहऱ्यापाशी होते. मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे, तो धोका दिसला की जागा होतो. यांचा तो साधा चेहरा बघूनही जागा होतो. किळसेचा भाग निराळा, आत घडीत दडलेला. नासक्या वासानं तो पेटतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर किळस दिसली तरी तोच पेटतो. दादाचं काम आठवून हे लिहिताना मला कसंतरीच झालं. तेव्हा तू चेहरा कितीही साधा ठेवलास तरी त्याला त्यात काहीतरी दिसणारच. ते मनाला लावून घेऊ नकोस. त्याला एकदा शांतपणे विचार, कुणाचा आवाज येतो का.

आमचे सर याच विषयावर काम करतात. मी त्यांना दादाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, लगेच घेऊन या. तोवर तिथल्या कुठल्या डॉक्टरकडे जाऊ नका. औषधं सुरू झाली की चित्र गढूळ होतं. इथे सगळं एकदमच बघू.

तुझी धाकटी

४ फेब्रुवारी

धाकटे,

बदाम आणि घडी दोन्ही वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा राग आला. इतकं सगळं पडद्यावर दिसतं तुम्हाला आणि त्या जिभेवर काय लावायचं ते एकाच्याही लक्षात येत नाही. शेवटी मी आमच्या डॉक्टरांकडून मलम आणलं.

तू म्हणालीस तसं विचारलं. शांतपणे विचारलं, सकाळी, खिडकीपाशी बसलेला असताना. तुला कुणाचा आवाज येतो का? तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे तू विचारतेस?" आणि भिंतीकडे वळला. म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. डेअरीतल्या कुणाचा तरी आवाज असेल, आणि बायकोला सांगायचं नसेल. तू विचार, तुला सांगेल.

आता जे लिहितेय ते वाचून झाल्यावर पाणी पी. त्याचं वजन उतरलंय म्हणून मी त्याला भरवायला बसले होते. बटाटा मऊ शिजवून, मीठ घालून, लहान मुलाला देतात तसा. त्यानं तोंडात घेतला, गालात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता थुंकणार, म्हणून सवयीनं हात पुढे केला, पेशंटसमोर वाटी धरते तसा. त्यानं तो घास माझ्या तळहातावर सोडला. कोमट, अर्धवट चावलेला, तारा सुटलेला. मी उठले, हात धुतला. पुन्हा धुतला. आमच्या दवाखान्यातलं ते झोंबणारं औषध घरी आणलंय, त्यानंही धुतला. मग परत येऊन त्याच्यासमोर बसले आणि हसले.

वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात थांबून रोज विचारते, "अजून तसेच आहेत का?" तिच्या आवाजात जी गोडी असते तिची मला तुझ्या दादाच्या अंथरुणापेक्षा जास्त शिसारी येते. घरी जाऊन काय काय सांगत असेल ते तिच्या तोंडावर आत्ताच लिहिलेलं असतं.

तुझ्याकडे यायचं म्हटल्यावर तो लगेच तयार झाला. धाकटीकडे जाऊ, म्हणाला. पुढच्या आठवड्यात निघतो. गाडीत लोक काय म्हणतील, नाक दाबतील, बघू. त्याला अंघोळ घालायला बाटलीबंद पाणी वापरून पाहणार आहे.

वहिनी

२३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुमचा परतीचा प्रवास नीट झाला असेल. स्टेशनवर तू एक शब्द बोलली नाहीस, म्हणून वाटत राहिलं की काही राहून गेलं का.

दादानं फार सहकार्य केलं. आतल्या खोलीत सरांनी त्याची मुलाखत घेतली तेव्हा मी काचेपलीकडे होते. यंत्रात तो अगदी न हलता पडून राहिला. चेहरे बघितले, बटण दाबलं. सर खूश होते. चित्रं चांगली आली आहेत, पण ती नीट वाचायला वेळ लागतो. सरांच्या मते दुसरी फेरी व्हावी आणि तोपर्यंत औषध सुरू करू नये. थोडेच आठवडे.

आवाजाबद्दल त्याला विचार, असं तू लिहिलं होतंस. त्याला आवाज येतात हे खरं. ते काय म्हणतात यात फार शिरण्यात अर्थ नसतो, असं इथे सगळे म्हणतात. आशयापेक्षा मेंदूत काय चाललंय ते महत्त्वाचं.

एक-दोन गोष्टी मात्र करून बघ. काही दिवस त्याच्याशी कमी बोल. अगदी गरजेपुरतं. शक्य तर खुणेनं. आणि जेवण त्याचं त्याला वाढून घेऊ दे, तू हातात देऊ नकोस. तुझी स्वतःचीही थोडी विश्रांती होईल.

तुझी धाकटी

७ मार्च

धाकटे,

तू काहीतरी लपवतेस हे मला त्या पत्रातच कळलं. नवऱ्याशी बोलू नकोस हा सल्ला कुठली नणंद विनाकारण देते? तरी म्हटलं, शिकलेली पोरगी आहे, तिच्या मनात काही असेल. गप्प राहिले. पाणी हवं का, खुणेनं. दार लाव, खुणेनं. घरात दोन मुके. आणि तो निवळायच्या ऐवजी जास्तच बिथरला. मी ज्या खोलीत जाईन तिथे मागे यायचा आणि माझ्या ओठांकडे बघत उभा राहायचा.

रविवारी दुपारी ओट्यापाशी बटाटे सोलत होते. तो आला. नेहमीसारखा ओठांकडे बघत राहिला. मग पुढे झाला. मी सुरी बाजूला सरकवली. त्यानं माझ्या तोंडावर तळहात ठेवला आणि दाबला. मारायचं म्हणून नाही. डबा गळतोय का बघायला झाकण दाबतात तसा. त्या हाताचा वास तुला सांगत नाही. जुनी लाळ, मळ, झोपेतला घाम. मला कोरडी ओकारी आली, ती त्याच्या हाताखालीच गिळली. हलले नाही. तो मान वाकडी करून ऐकत होता, कॅनच्या झाकणाशी वाकायचा तसा.

मग म्हणाला, "अजून येतोय."

मी डोळ्यांनीच विचारलं, काय.

"तुझं तोंड बंद आहे," तो म्हणाला, "आणि तू बोलतेयस."

त्यानं हात काढला. आपल्याच हाताकडे बघितलं. मग तिथंच सालींमध्ये फरशीवर बसला आणि रडायला लागला. नाक गळत होतं, ते तो पुसतही नव्हता. मी त्याच्याशेजारी बसले. विचारलं, मी काय म्हणते?

त्यानं सांगितलं. थांबून थांबून, माझ्याकडे न बघता सांगितलं. मी म्हणे त्याला शी म्हणते. म्हणते, तुझ्या अंगाला मेल्या उंदराचा वास येतो. म्हणते, ताटात काय कालवलंय ते ओळख. म्हणते, तू मरशील कधी, मला खिडक्या उघडायच्यात. सकाळी उठल्यापासून, थंडी सुरू झाल्यापासून, माझ्या आवाजात. मी त्याच्यासमोर ताट ठेवून हसत असते तेव्हासुद्धा.

म्हणून "हे तू विचारतेस?" म्हणाला होता.

ही बाई माझा आवाज घालून माझ्या घरात फिरते, माझ्या नवऱ्याला उपाशी मारते, आणि तू काचेपलीकडे उभी राहून हे ऐकलंस. ऐकलंस ना? मग मला गप्प राहायला सांगितलंस. म्हणजे तिला मोकळं रान.

आणि औषध का थांबवलंय? तुझे सर खूश होते म्हणून? सरळ लिही. गोड लिहिलंस तर पत्र न वाचता फाडीन.

वहिनी

१३ मार्च

वहिनी,

सरळ लिहिते.

मी ऐकलं होतं. मुलाखतीत सरांनी विचारलं, आवाज कुणाचा आहे, आणि दादानं तुझ्याकडे, म्हणजे बाहेरच्या दाराकडे, बोट केलं. मग त्यानं तेच सगळं सांगितलं जे तुला सांगितलं. मला वाटलं, हे तुला कळलं तर तू त्याला सोडून जाशील. तू गेलीस तर त्याला कोण बघणार, आणि मग मला बघावं लागेल, हेही मनात आलं. म्हणून अर्धवट सल्ला दिला आणि त्याला शास्त्राचा मुलामा चढवला. बोलू नकोस हे मला कुणी डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं.

औषध थांबवायचं कारण तू ओळखलंस. सरांना औषध न घेतलेले पेशंट हवे असतात, त्यांची चित्रं स्वच्छ येतात. असे पेशंट सहज मिळत नाहीत. पहिल्या फेरीपुरतं मी मान्य केलं, तुला पत्रातून तसं सांगितलं. दुसऱ्या फेरीलाही मान डोलावली.

गेल्या गुरुवारी बाहेरून काही पाहुणे आले होते. कॉफीच्या वेळी सरांनी त्यांना मुलाखतीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. दादाचा आवाज त्या छान गालिच्याच्या खोलीत घुमला. "ती शी म्हणते," असं तो म्हणतो तिथे सरांनी थांबवलं आणि बायकी आवाज काढून "शी" म्हणून दाखवलं. दोघे हसले. एक जण बिस्किट खाता खाता म्हणाला, दुधाच्या वासावर जगणाऱ्याला हेच होणार, नाही का. मी कप उचलत होते. माझ्या हाताला त्या कपांवरची लिपस्टिक आणि थुंकी लागली, आणि मला तिथेच उलटी होईल असं वाटलं. तुझ्या पत्रातला बटाटा वाचताना झालं नव्हतं तसं. त्यांच्या मेंदूचं कुणी चित्र काढलं असतं तर त्यांना किळस आलेली कुठेच दिसली नसती. मजा आली एवढंच दिसलं असतं.

मी दुसऱ्या दिवशी दादाला अभ्यासातून काढून घेतलं. ध्वनिमुद्रण माझ्यासमोर पुसायला लावलं. सर म्हणाले, भावनेच्या भरात चांगलं काम वाया घालवतेस. मी त्यांच्याकडचं काम सोडते आहे.

तू आजच त्याला मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे ने. आता थांबू नकोस. आणि एक ऐक. तो आवाज तुझा नाही. रोज कानावर पडणारा, ओळखीचा आवाज घेऊन त्याचाच मेंदू बोलतो. ज्याची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटते, तेच ती म्हणते. तू तसं म्हणत नाहीस हे मला माहीत आहे.

मला माफ कर असं लिहीत नाही. तुला वाटेल तेव्हा बघ.

धाकटी

१८ मार्च

धाकटे,

पत्र आलं त्याच दिवशी संध्याकाळी त्याला नेलं. डॉक्टरीणबाई बऱ्या वाटल्या. नाक दाबलं नाही, खुर्ची मागे सरकवली नाही. इतके दिवस का थांबलात, म्हणाल्या. मी म्हटलं, नणंदेनं सांगितलं होतं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. गोळ्या सुरू झाल्या आहेत. त्याच्यासमोर पाकीट फोडते, त्याच्याच हातानं तो गोळी काढतो.

तुझ्या सरांबद्दल काही लिहीत नाही. लिहिलं तर हा कागद मला चिमट्यानं धरावा लागेल. तुझ्याबद्दलही आज नको.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सलतंय. तू तसं म्हणत नाहीस हे मला माहीत आहे, असं तू लिहिलंस. म्हटलं नाही मी. एकदाही नाही. पण मी तुला लिहिलं होतं की चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. दवाखान्यात माझ्या तोंडावर मास्क असतो, धाकटे. घरी मास्क नव्हता. ज्याचं नाक झाकणावरून आंबूसपणा ओळखायचं, त्याला दोन हातांवरून माझं नाक मुरडलेलं दिसलं नसेल? मी हात तीन वेळा धुऊन येऊन हसले, ते हसणं बघून कुणालाही धडकी भरली असती. तुमच्या फोटोंतला तो साधा चेहरा आमच्या घरात कधी नव्हताच. त्याची गफलत फारशी झालेली नाही.

खिडक्या उघडायच्यात, हे मी कधी तोंडातून काढलेलं नाही. मनात मात्र आलं होतं, ह्याच शब्दांत आलं होतं. आता रात्रंदिवस हेच डोक्यात आहे की तिला कसं कळलं. तू म्हणशील योगायोग. असेल.

सध्या लिहू नकोस.

वहिनी

२ मे

प्रिय वहिनी,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. उत्तर नको.

मी आता सरकारी रुग्णालयात चित्रं काढते. गुडघे, मणके, पडलेल्या म्हाताऱ्यांचे खुबे. इथे कुणी कुणाच्या मनातलं बघत नाही, आणि मला ते बरं वाटतं.

खिडक्यांबद्दल. मी त्यावर पुष्कळ विचार केला. तिला काही कळलेलं नव्हतं. स्वतःच्या अंगाला वास येतो हे ज्याला माहीत आहे, त्याला घरच्यांना खिडक्या उघडाव्याशा वाटतात हे न सांगता समजतं. त्याच्या जागी मी असते तर मलाही समजलं असतं. तुझ्या मनात तेच आलं, कारण त्या खोलीत कुणाच्याही मनात तेच आलं असतं. त्याचा तुझ्या चांगलं-वाईट असण्याशी काही संबंध नाही.

दादा खातो का, एवढंच कुणाकडून तरी कळव. त्या वरच्या मजल्यावरच्या बाईकडूनही चालेल.

धाकटी

६ ऑगस्ट

धाकट्या वन्सं,

वरच्या बाईकडून कळवलं असतं तर तुला खोटं कळलं असतं. तिचं म्हणणं आहे की मी त्याला गुंगीचं औषध देऊन ठेवते. म्हणून स्वतःच लिहितेय.

खातो. पहिल्या गोळ्यांनी अंग लाकडासारखं झालं होतं, पाय उचलताना फरशीला घासायचे, चेहरा इस्त्री केल्यासारखा. त्या बदलल्या. दुसऱ्या लागू पडल्या असं डॉक्टरीणबाई म्हणतात. झोपतो फार. वजन वाढलंय, पोट सुटलंय, आणि लाळ गळते. उशीचे अभ्रे रोज बदलते, सकाळी ते ओले असतात आणि त्यांचा वास तसाच असतो जसा लाळेचा असतो. तुला वाटलं असेल, तो बरा झाला की माझी किळस जाईल. मलाही वाटलं होतं. गेलेली नाही. कमी आहे, पण आहे. आता मी ती आहे असं धरूनच चालते.

ती बाई पूर्ण गेली नाही. हळू बोलते, तो म्हणतो, पाण्याखालून आल्यासारखी. संध्याकाळी जास्त. पण आता तो तिच्याशी भांडत नाही. आणि मला विचारतो. ही सवय त्यानं स्वतःच लावून घेतली. मी पाठमोरी असले की म्हणतो, "तू काही म्हणालीस?" मी नाही म्हटलं की बरं म्हणतो आणि आपलं काम करतो. सुरुवातीला मला त्याचाही वैताग यायचा. दिवसभर नाही, नाही, नाही. मग लक्षात आलं की त्याला माझ्या उत्तराचा उपयोग होतोय.

डेअरीत परत घेतलंय. धक्क्यावर नाही. रिकामे कॅन वाफेनं धुतात तिथे. मॅनेजरनं विचारलं, पुन्हा नाकाचं काम करशील का, तर तो म्हणाला नको, आता माझं मला खरं वाटत नाही. घरी येऊन मला हे सांगितलं आणि बराच वेळ बूट न काढता बसून राहिला. मला त्याचं फार वाईट वाटलं. पंधरा-सोळा वर्षं तेवढंच त्याचं होतं.

आता जे घडलं ते तुला सांगावंसं वाटलं म्हणून खरं तर पत्र.

परवा आम्ही जेवत होतो. त्याच्या हनुवटीवरून लाळेची तार सुटली आणि सरळ ताटात उतरली. मी बघितलं. माझ्या चेहऱ्यावर जे यायचं ते आलं असणार, मी ते आवरत बसत नाही आता. तो थांबला. चमचा खाली ठेवला. म्हणाला, "तू आत्ता शी म्हणालीस?"

मी म्हणाले नव्हते. नाही म्हणून मोकळी झाले असते. ते खरंही झालं असतं. पण त्याची नजर माझ्या तोंडावर होती आणि तिथे त्याला जे दिसत होतं ते काही साधं नव्हतं.

मी म्हटलं, "म्हणाले नाही. पण किळस आली. पूस ते."

त्यानं बाहीनं पुसलं. बाहीला नको, रुमाल घे, म्हटलं. त्यानं रुमाल घेतला, हनुवटी पुसली, ताटाची कडही पुसली. मी मनात म्हटलं, आता हा उठणार, ताट ढकलणार, झालं सगळं मुसळ केरात. पण त्यानं चमचा उचलला. दोन-तीन घास खाल्ले. मग म्हणाला, "हे तूच बोललीस."

मी विचारलं, कशावरून?

"ती पूस म्हणत नाही," तो म्हणाला. "ती नुसती शी म्हणते आणि मग काहीच सांगत नाही."

असं म्हणून तो पुन्हा जेवायला लागला. मी त्याच्या ताटात आणखी वाढलं.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. येताना सरांची आठवण घेऊन येऊ नकोस, बाकी काहीही आण. अभ्रे धुवायला दोन हात जास्त असले तर मला चालेल.

तुझी वहिनी